चार मीटरच्या पलीकडची नाशिकची गाडी

सिन्नरच्या एका गृहस्थांनी विचारले आहे की, त्यांच्या घरी २०१९ पासून महिंद्राची आठ आसनी मराझो आहे, घर नऊ माणसांचे आहे, आणि आता दुसरी मोठी गाडी घ्यायची तर ती नाशिकमध्ये बनलेली घ्यावी की नाही. कारण सातपूर-अंबडला यापुढे मोठ्या कौटुंबिक गाड्या बनणारच नाहीत, असे त्यांच्या कानावर आले आहे. त्यांचा पुतण्या डिप्लोमा संपवून याच धंद्यात नोकरी शोधतो आहे, त्यामुळे प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. मी अंबड औद्योगिक वसाहतीत प्रेस शॉप चालवतो, त्याआधी अकरा वर्षे एका टूलरूममध्ये होतो, आणि एकूण तीस वर्षे मोटारींचे पत्र्याचे भाग दाबण्यात गेली आहेत. माझ्याकडे कोणाचे काम चालते ते इथे सांगत नाही. उत्तरासाठी त्याची गरजही नाही.

आधी थोडक्यात सांगतो. नाशिकचा वाहन उद्योग कुठे जात नाही. जी गेली आहे ती एका विशिष्ट प्रकारची गाडी: मुद्दाम कुटुंबासाठी आखलेली, तिसऱ्या रांगेतही मोठ्या माणसाला पाय सोडून बसता येईल अशी, आणि कारखान्यातल्या दुसऱ्या कोणत्याही गाडीशी सोयरीक नसलेली. महिंद्राच्याच स्कॉर्पिओसारख्या, शिडीच्या आकाराच्या पोलादी चौकटीवर बांधलेल्या गाड्या अजून काही वर्षे निघतील, परंतु त्या किती वर्षे निघतील हे ग्राहकांच्या प्रेमापेक्षा कर, धुराचे नियम आणि डायचा, म्हणजे पत्रा दाबायच्या साच्यांचा, हिशेब यांवर अधिक अवलंबून आहे. या तिन्हींपैकी डायबद्दल फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून मी त्यावर जरा जास्त जागा घेणार आहे.

नाशिक आणि मोठी गाडी यांचे नाते खऱ्या अर्थाने २००२ च्या स्कॉर्पिओपासून जुळले. त्याआधी इथे जीपवर्गीय गाड्या बनत होत्या, बोलेरो २००० साली आली होती. पण शहरातला डॉक्टर किंवा पिंपळगावचा द्राक्ष बागायतदार घरची माणसे घेऊन लग्नाला जाण्यासाठी जी हौसेने घेईल, अशी मोठी गाडी म्हणजे स्कॉर्पिओ. २००७ मध्ये रेनॉच्या भागीदारीतली लोगान इथे जुळू लागली. ती मोठी गाडी नव्हती, परंतु मोटारकारचे बारकावे, म्हणजे दारांच्या फटी सारख्या ठेवणे आणि वेल्डिंगचे बिंदू मोजून घेणे, इथल्या पुष्कळ व्हेंडरांना, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्यांना, तिनेच शिकवले असे माझे मत आहे. जानेवारी २००९ मध्ये झायलो आली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये मराझो, जिचे अनावरणच नाशिकच्या कारखान्यात झाले.

मराझो ही विचारपूर्वक केलेली गाडी होती, हे आज ती विक्रीत उरलेली नसतानाही सांगितले पाहिजे. लांबी ४,५८५ मिलिमीटर, १,४९७ सीसीचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन, ३०० न्यूटन-मीटर टॉर्क, मधल्या आणि मागच्या रांगेसाठी छतातून येणारा गार वारा, आणि ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ४ तारे. यातला शेवटचा मुद्दा किती मोठा होता हे कळण्यासाठी २०१६ आठवावे. त्या वर्षी याच संस्थेच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला शून्य तारे मिळाले होते. तरीही शेवटी शेवटी मराझोची विक्री महिन्याला शंभराच्याही खाली उतरली. चांगली गाडी विकली गेली नाही याची कारणे लोक आपापल्या परीने सांगतात: पेट्रोल इंजिन आले नाही, ऑटोमॅटिक आली नाही, समोरून शार्कसारखी दिसते. सगळी थोडीफार खरी आहेत. माझ्या मते मुख्य कारण गाडीच्या पोटात होते.

मराझोत पोलादी चौकट आणि पुढच्या चाकांना मिळणारी चाल यांचा मेळ घातला होता. साधारणपणे चौकटीवरची गाडी मागची चाके फिरवते, आणि पुढची चाके फिरवणारी गाडी चौकटीशिवाय, एकसंध कवचाची असते. हा मेळ चालकाला सुखाचा होता: चौकटीमुळे खडबडीत रस्त्यावर दणकटपणा राहिला, आणि मागच्या चाकांना चाल नेणारा प्रोपेलर शाफ्ट मधून जात नसल्याने फरशी खाली घेता आली. (कसारा घाटात आठ माणसे आणि सामान भरले की पुढची चाके हलकी होतात, अशी तक्रार काही चालक करत. भार मागे गेला की तसे होणारच. ओल्या चढावर ते जाणवते, एरवी नाही.) पण ही चौकट कारखान्यातल्या दुसऱ्या कोणत्याच गाडीखाली गेली नाही. इंजिनाचे कुटुंब पुढे एक्सयूव्ही ३०० आणि मग ३एक्सओत चालू राहिले. चौकट, फरशी, दारे, सीटांची बैठक हे सारे मात्र एकट्या मराझोच्या विक्रीवर जगणार होते.

आता डायकडे येतो. पत्र्याचा प्रत्येक भाग, अगदी सीटखालची हाताएवढी पट्टीसुद्धा, पोलादाच्या दोन जड अर्ध्यांमध्ये दाबून निघतो, आणि एका भागाला बहुधा एकच दाब पुरत नाही: एकदा कापणे, एकदा वाकवणे, एकदा भोके पाडणे. समजा एका मध्यम भागाच्या डायच्या संचाला ४० लाख रुपये लागले. गाडी आयुष्यभरात १ लाख विकली गेली, तर त्या भागावर डायचा बोजा नगामागे ४० रुपये. गाडी २० हजारच विकली गेली, तर तोच बोजा २०० रुपये. गाडीत पत्र्याचे असे भाग शेकड्यांनी असतात. पैसे वाहन कंपनीने आधी भरलेले असोत वा भागाच्या किमतीतून वळते होत असोत, ते कुठेतरी बसतातच. उलट दोन गाड्यांना तोच भाग लागत असेल, तर एकीची विक्री पडली तरी दुसरी डाय जागती ठेवते. लोकांना बाहेरून नवी गाडी दिसते; आम्हाला शेड्यूलच्या, म्हणजे महिन्याच्या मागणीच्या, कागदावर दिसते की भाग क्रमांक जुनाच आहे की नवा.

माझ्याच अनुभवातली एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या कौटुंबिक गाडीच्या तिसऱ्या सीटखालच्या ब्रॅकेटचे काम मला मिळाले. गाडी कोणाची ते सोडून देतो. ती नाशिकमध्ये जुळत नव्हती एवढेच सांगतो. महिन्याला ३,००० गाड्यांचा अंदाज दिला होता, आणि त्या अंदाजावर मी कर्ज काढून दुसरा २५० टनाचा प्रेस घेतला. चौदाव्या महिन्यात शेड्यूल आले २२० गाड्यांचे. प्रेसवर डाय चढवायची म्हणजे क्रेन, दोन माणसे आणि सगळे सरळ गेले तर सव्वा तास. मग पहिला नग काढायचा, चेकिंग फिक्स्चरवर, म्हणजे माप तपासायच्या चौकटीवर, बसवायचा, पिना भोकांत अलगद उतरतात का ते पाहायचे, कडेची बर (कापताना उरलेली धार) तपासायची, क्वालिटीच्या माणसाची सही घ्यायची, आणि मग लॉट सुरू. लॉट तीन हजारांचा असला की हा सव्वा तास कुठे गेला ते कळतही नाही. २२० नग अर्ध्या तासाच्या आत दाबून होतात आणि डाय पुन्हा खाली उतरते. त्यात पत्र्याची कॉइल आणायची ती टनांत, आणि २२० नगांना लागतो तिचा एक कोपरा; उरलेली कॉइल कोपऱ्यात गंज धरत पडते. ती डाय आजही माझ्या रॅकवर आहे, ग्रीस फासलेली, वर भाग क्रमांकाची पत्र्याची चकती. मालकी कंपनीची, जागा माझी. वर्षातून एकदा सुट्या भागांची मागणी येते तेव्हा ती खाली येते.

म्हणून ज्या मोठ्या गाडीचे अवयव दुसऱ्या गाड्यांशी सामाईक आहेत तिचे आयुष्य वाढते, आणि जी एकटी आहे ती पहिल्याच मंदीत जाते. स्कॉर्पिओ क्लासिक, म्हणजे जुनीच स्कॉर्पिओ, इतकी वर्षे टिकली याचे रहस्य मोठे नाही: तिच्या डाय केव्हाच फिटल्या आहेत, आणि तिच्या २.२ लिटरच्या एमहॉक इंजिनाचे भाऊबंद कंपनीच्या इतर गाड्यांतही आहेत. प्रत्येक नवी क्लासिक जवळजवळ फक्त पोलाद, मजुरी आणि रंग यांच्या खर्चात बनते.

कराचा मुद्दा याच हिशेबावर येऊन बसतो. आपल्याकडे २००६ नंतर उत्पादन शुल्कात लहान गाडीची व्याख्या आली: लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत, डिझेल १,५०० सीसीपर्यंत. एका आकड्याने इतक्या गाड्यांचे रूप ठरवल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. २०१२ मध्ये झायलोची शेपूट कापून क्वांटो केली ती याच रेषेत बसावी म्हणून. ४,५२० मिलिमीटरची गाडी ३,९८५ वर आली आणि तरीही सात सीटा ठेवल्या गेल्या. मागच्या दोन सीटांवर कोण बसणार, हा प्रश्न अर्थात उरला. २०१६ मध्ये बोलेरोचेही तेच झाले. लांबी ३,९९५ मिलिमीटर आणि इंजिन १,४९३ सीसी. रेषेच्या पाच मिलिमीटर आत.

जीएसटी आल्यानंतर उपकर धरून चार मीटरच्या आतल्या १,५०० सीसी डिझेल गाडीवर ३१ टक्के, चार मीटरहून लांब पण १,५०० सीसीच्या आतल्या मराझोसारख्या गाडीवर ४५ टक्के, आणि स्कॉर्पिओसारख्या मोठ्या एसयूव्हीवर ५० टक्के, असा कर स्थिरावला. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना दोनच दर राहिले: लहान गाडीला १८, बाकी सगळ्यांना ४०. वर्तमानपत्रांनी सगळ्याच गाड्या स्वस्त झाल्याची बातमी दिली, आणि ती खरीच होती. बोलेरो तर लाखाहून अधिक उतरली. परंतु अंतर पाहा. पूर्वी बोलेरो आणि मराझो यांच्या वर्गांत १४ टक्क्यांचे अंतर होते, ते आता २२ झाले. कारखान्यातून ८ लाखांना निघालेल्या गाडीवर लहान असेल तर १ लाख ४४ हजार कर, चार मीटरपेक्षा बोटभर लांब असेल तर ३ लाख २० हजार. पावणेदोन लाखांची ही भिंत ओलांडून कोणी नाशिकमध्ये पुन्हा दीड लिटर डिझेलची, आठ आसनी, मध्यमवर्गीय घराला परवडणारी गाडी आखेल, असे मला वाटत नाही. ज्यांना भिंत ओलांडायचीच आहे ते सरळ वर जातील, १५ ते २५ लाखांच्या गाडीकडे, जिथे या फरकाचा बोजा किमतीच्या मानाने हलका वाटतो. कंपन्याही तिकडेच गेल्या आहेत. एक्सयूव्ही ७०० (आताची ७एक्सओ), स्कॉर्पिओ-एन, आणि आता विजेवरची सात आसनी गाडी, हे सारे चाकणला बनते. मोठी गाडी महाराष्ट्रातून गेलेली नाही, ती नाशिकहून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर सरकली आहे. सिन्नरहून चाकण त्या मानाने जवळच, हे पुतण्याने लक्षात घ्यावे.

भिंतीच्या पलीकडे मारुतीची एर्टिगा आणि कियाची कॅरेन्स कशा तगल्या, असा रास्त प्रश्न येईल, कारण त्यांनाही ४० टक्केच लागतात. उत्तर पुन्हा सामाईक अवयवांत आहे: दोन्ही गाड्यांची फरशी आणि इंजिने त्यांच्या कंपन्यांच्या लाखोंनी खपणाऱ्या इतर गाड्यांशी नाते सांगतात, आणि एर्टिगाला सीएनजी मिळतो. नाशिकच्या द्वारका चौकातून मुंबईला शेअरने जाणाऱ्या गाड्या एकदा उभे राहून मोजा. पूर्वी तिथे सुमो, तवेरा, क्वालिस असत. आज ज्या उभ्या असतात त्यांच्या मागच्या काचेवर हिरवी सीएनजीची पट्टी दिसते. डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले आणि पेट्रोल-डिझेलमधली जुनी मोठी दरी बुजली. नाशिकच्या मोठ्या गाड्यांचे सारे गणित स्वस्त डिझेलवर उभे होते, ते तिथेच डळमळले.

धुराच्या नियमांविषयी फार लांबवत नाही. एप्रिल २०२० च्या बीएस-६ ने आणि त्याच सुमाराच्या अपघात-चाचणीच्या सक्तीने सुमो, झायलो, सफारी स्टॉर्म अशी एक पिढीच संपवली. जुन्या गाडीत नवी साफसफाईची यंत्रणा आणि मजबुती घालण्याचा खर्च तिच्या उरलेल्या विक्रीतून निघत नव्हता. पुढचा टप्पा एप्रिल २०२७ पासूनच्या सरासरी इंधनवापराच्या नियमांचा आहे. हे नियम एकेका गाडीला लागत नाहीत, कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या सरासरीला लागतात, आणि त्या मोजणीत विजेची गाडी एकापेक्षा जास्त गाड्या म्हणून धरली जाते. याचा अर्थ असा की चाकणला बनून विकली जाणारी प्रत्येक विजेची गाडी नाशिकच्या काही डिझेल गाड्यांना श्वास देते. हे उलटे वाटेल, परंतु क्लासिकचे भवितव्य पाहायचे असेल तर मी तिची स्वतःची विक्री पाहण्याऐवजी विजेच्या गाड्यांची विक्री पाहीन.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण या चर्चेत हमखास निघते, म्हणून दोन शब्द. तिथल्या मोठ्या कौटुंबिक गाड्या, फोर्ड फाल्कन आणि होल्डन कमोडोर, यांचे स्थानिक उत्पादन अनुक्रमे ऑक्टोबर २०१६ आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये थांबले, आणि त्यांच्याबरोबर त्या देशातले मोटारींचे उत्पादनच संपले. तिथे आयात शुल्क ऐंशीच्या दशकातल्या ५७.५ टक्क्यांवरून २०१० पर्यंत ५ टक्क्यांवर आले होते, आणि बाजार लहान होता. नाशिकची गोष्ट तशी नाही. इथल्या मोठ्या गाडीला मारणारी स्पर्धा देशातूनच, बिडदी (इनोव्हा), हरियाणा (एर्टिगा) आणि अनंतपूरहून (कॅरेन्स) आली, आणि तिच्या जागी त्याच कारखान्यात ३एक्सओसारखी चार मीटरच्या आतली गाडी बनू लागली. शेड बंद पडली नाही; शेडमध्ये जे बनते ते लहान झाले.

व्हेंडरांना मात्र हा बदल तितका हलका जाणार नाही. चौकटीच्या गाडीला जाड पत्रा लागतो, तीन-चार मिलिमीटरचा, मोठे प्रेस आणि भरपूर वेल्डिंग. एकसंध कवचाच्या गाडीला पातळ पण फार उच्च ताकदीचे पोलाद लागते, ज्यासाठी डायचे पोलादही वेगळे आणि पत्रा परत उसळी घेतो त्याचा हिशेबही वेगळा. अंबडमधल्या कित्येक शॉपना तो अजून जमत नाही. सातपूरला डिझेलच्या इंजेक्टर-नोझलवर जगलेली एक अख्खी परंपरा आहे. मायको सर्कलचे नावच मायको, म्हणजे आताच्या बॉश, कारखान्यावरून पडले. डिझेल जसजसे आटेल तसतसे त्या कौशल्याला नवे काम शोधावे लागेल. पुतण्याला माझा सल्ला विचाराल तर त्याने गाडी कोणती बनते याकडे फार पाहू नये. डाय डिझाइन, तेही उच्च ताकदीच्या पत्र्याचे सिम्युलेशन येणारा मुलगा, नाशिक, चाकण, संभाजीनगर कुठेही रिकामा बसणार नाही.

आता खरेदीचे. नऊ माणसांच्या घराला नऊ आसनांचीच गाडी हवी असेल तर स्कॉर्पिओ क्लासिकची नऊ आसनी किंवा बोलेरो निओ प्लस पाहा, पण दोन्हींत मागच्या रांगेतल्या सीटा एकमेकींकडे तोंड करून, आडव्या असतात, आणि वणीपर्यंत त्यावर मोठी माणसे बसवणे मला पसंत नाही. लहान मुलांना तर तिथे मुळीच बसवू नये. मराझो घरात असताना दुसरी गाडी तेवढीच मोठी कशाला, असा माझा प्रश्न आहे. लांबच्या प्रवासाला मराझो, आणि रोजच्या वापराला चार मीटरच्या आतली गाडी, ज्यावर तुम्ही १८ टक्केच कर भरता, हा मेळ स्वस्त पडेल. क्लासिक घेतलीत तरी फसाल असे नाही. बंद झाली तरी तिचे भाग गल्लोगल्ली मिळतील, इतक्या स्कॉर्पिओ रस्त्यावर आहेत.

आणि मराझो विकू नका. आज तिला मिळणारी किंमत तिच्या योग्यतेच्या मानाने फारच कमी आहे. इंजिनाचे भाग मिळत राहतील, ब्रेक आणि सस्पेन्शनची रबरेही मिळतील. अशा गाड्यांत सगळ्यात आधी दुर्मीळ होतात ते दिसणारे भाग: पुढचे-मागचे दिवे, बंपर, आरशाचे कवच, दाराच्या आतली पॅनेले. साचा यंत्रावरून उतरला, लॉट लहान झाला, की पुरवठादार वर्षाला एकदाच काढतो आणि मग सहा सहा महिने वाट पाहावी लागते. म्हणून आत्ताच अधिकृत दुकानातून मागच्या दिव्यांची एक जोडी, उजव्या आरशाचे कवच आणि पुढच्या बंपरच्या क्लिपा घेऊन माळ्यावर ठेवा. क्लिपा जास्त घ्या. काढताना त्या तुटतातच.